तृतीयपुरुषी, एकवचनी

लोडोस सुटला की इथे डोकी दुखतात,
रुक्नेद्दिन बे म्हणाले होते,
बोटी बंद होतात, नवराबायको भांडतात.
त्याला नुसता ताप आला. एकशे तीन.
बालातच्या चढावरची खोली. दोन पलंग
आम्ही पहिल्या रात्रीच आवाज न करता जोडलेले.
मधल्या फटीत त्याचं घड्याळ पडलं, ते तिथेच.

साडेअकराला मी खाली उतरलो.
पहिलं औषधालय बंद. काचेवर चिठ्ठी:
आज रात्री कोण जागं आहे, त्याचा पत्ता.
इस्तंबूलने हे असं लिहून ठेवावं, मला फार आवडलं.
तो पत्ता सापडेपर्यंत तीनदा चुकलो.
भिंतीशी बसलेल्या पोरांनी शिट्टी मारली,
मला की वाऱ्याला, कळलं नाही,
पण खांदे ताठ झाले, चाल बदलली.
ती चाल मी चौदाव्या वर्षी पाठ केली,
कुठल्याही देशात चालते.

काउंटरमागे बाई. कोटावर नाव, बेर्रिन.
माझ्याकडे तुर्की शब्द अकरा.
'ओ हास्ता,' म्हटलं.
ओ म्हणजे तो. ओ म्हणजे ती. ओ म्हणजे ते.
ओ आजारी.
भाषेने पुढे काही विचारलं नाही.

आमच्यात क्रियापदच फितूर होतं.
'कुणाबरोबर गेलायस?' आई फोनवर विचारते,
आणि मी 'ऑफिसची मंडळी' म्हणून
एका माणसाचं अनेकवचन करतो.
अठरा वर्षं तो मंडळी आहे.
मंडळी जेवली, मंडळींना तिखट सोसत नाही.
जुने लोक बायकोला मंडळी म्हणत,
हे आईला आठवत नसावं.

ताप किती?
एकोणचाळीस दाखवायला चार वेळा दहा बोटं,
शेवटच्या खेपेला एक मुडपलेलं.
ती हसली. 'एशिन मी?'
जोडीदार का? हाही शब्द पाठमोराच.
'एवेत.' हो.
इतक्या सहज हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं.
लाज नाही, शौर्य नाही,
किंचित चोरी केल्यासारखं मात्र वाटलं:
त्या शब्दात तिने कुणाला झोपवलं असेल?
मग तिने पेनचं टोपण काढलं. 'इसिम?'

लग्नांतून पुष्कळ नावं ऐकलीत मी,
चांदीच्या ताटातली, रुप्याच्या वाटीतली.
मला 'नाव घे' म्हणून उंबऱ्यावर
कुणी कधी अडवलं नाही.
यमक जुळवायला वेळ नव्हता.
निनाद, म्हटलं.
तिने खोक्यावर लिहिलं तसं ऐकू आलं: निनात.
खाली ३ × १.
आणि वर न बघता, अडखळत, इंग्रजीत म्हणाली,
त्याला पाणी भरपूर पाज.

त्याला.
इंग्रजी बोलताना इथे तो-ती चुकतं म्हणतात.
चुकलीही असेल.

परत आलो तर खोलीत रुक्नेद्दिन बे,
हातात सूप, लिंबू पिळलेलं.
पलंग पाहून झाले होते.
सकाळी सफाईला बाई येते, म्हणाले, माझ्याच गावची.
आणि रिकामा पलंग स्वतःच ओढला, वीतभर.
फटीतलं घड्याळ उचललं, पुसलं,
त्याच्या उशाशी ठेवलं.
तो अपमान होता की पांघरूण,
मी अजून ठरवलेलं नाही.
दारात थांबून म्हणाले, 'मिसाफिर.'
आमच्याकडे मुसाफिर म्हणजे जाणारा.
त्यांच्याकडे, पाहुणा.

पहाटे वारा पडला. खाली कुठेतरी
पहिल्या बोटीचा भोंगा.
वीतभर अंतरावरून हात लांबवला, कपाळ ओलं.
'कुठे गेलेलास?' त्याने विचारलं,
आणि मी सांगायच्या आत झोपला.

आईला लिहिलंय: ताप उतरला. तो झोपला.
दोन वाक्यं.
दुसरं खोडून पुन्हा लिहिलं, तेच.
अजून पाठवलेलं नाही.